मनगटावरची चाळणी : स्मार्टवॉचच्या मदतीने माहितीचा भडिमार कसा आवरावा

नवे स्मार्टवॉच फोनला जोडले की फोनवर येणाऱ्या बहुतेक सूचना आपोआप मनगटावरही येऊ लागतात. म्हणजे जो भार हलका व्हावा म्हणून घड्याळ घेतले, तोच आता थेट अंगाला बिलगतो. म्हणून सुरुवात उलट्या टोकाकडून करावी. फोनमधील घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये जाऊन, येणारे फोन वगळता बाकी सर्व अ‍ॅप्सच्या सूचना बंद कराव्यात आणि आठवडाभर तसेच राहू द्यावे. या काळात जे वेळेवर न कळल्यामुळे खरोखर अडले, तेवढेच कागदावर लिहून ठेवावे व नंतर तेवढेच सुरू करावे. ठरलेल्या भेटी, औषधांच्या वेळा आणि घरच्या दोन-चार माणसांचे संदेश यांपलीकडे ही यादी सहसा जाऊ नये, असे माझे मत आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे गट मात्र फोनवरच म्यूट करावेत, म्हणजे ते मनगटावरही शांत राहतात. आवाज बंद ठेवून केवळ कंपन ठेवावे.

सूचना कमी केल्या म्हणजे अर्धेच काम झाले. अंगावर बाळगायच्या संगणकाचा खरा उपयोग हवी ती गोष्ट हव्या त्या क्षणी समोर आणण्यात आहे, हे 1990च्या दशकात एमआयटी या अमेरिकेतील तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मीडिया लॅब या प्रयोगशाळेतील संशोधकांनी ओळखले होते. तेथे ब्रॅडली ऱ्होड्स यांनी ‘रिमेंब्रन्स एजंट’ नावाची प्रणाली तयार केली. माणूस जे लिहीत किंवा वाचत असेल, त्याच्याशी संबंधित जुनी टिपणे ती पडद्याच्या तळाशी एकेका ओळीत सुचवत राही. पाहायचे की नाही, हे वापरणाऱ्यावर सोपवलेले असे. त्याच प्रयोगशाळेतील थॅड स्टार्नर 1993 पासून डोळ्यासमोर छोटा पडदा लावून, एका हाताच्या कळफलकावर संभाषण सुरू असतानाच टिपणे घेत.

हेच तत्त्व आजच्या घड्याळात साध्या रीतीने आणता येते. कॅलेंडरमध्ये भेटीची नोंद करताना मागच्या वेळी काय ठरले होते, हे तिच्याच टिपणात दोन ओळींत लिहावे. किराण्याची आठवण घड्याळाच्या वेळेशी न जोडता दुकानाच्या ठिकाणाशी जोडावी, म्हणजे ती तेथे पोहोचल्यावरच येते आणि दिवसभर डोक्यात घोळत नाही. वाटेत काही सुचले, तर फोन न काढता घड्याळावर बोलून नोंदवावे. फोन हाती घेतला की त्या एका नोंदीपायी दहा गोष्टी उघडल्या जातात. या नोंदी रोज संध्याकाळी एकदा तपासून, नको त्या लगेच पुसून टाकाव्यात.

समोर कोणी बोलत असताना मनगटाकडे नजर गेली, तर आपल्याला घाई आहे असाच त्याचा समज होतो. त्यामुळे बैठकीपूर्वी ‘डू नॉट डिस्टर्ब’ फोन व घड्याळ या दोन्हींवर लावावे आणि हात उचलताच पडदा उजळण्याची सोयही तेवढ्यापुरती बंद करावी.