कॉटेज शैलीचे घर आणि मापाची कपाटे: या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी

गृहसजावटीची पदविका घेऊन मी पुण्यात स्वतंत्रपणे काम सुरू केले, तेव्हा रंगसंगतीचे तक्ते माझ्या तोंडपाठ होते, पण एक सूत म्हणजे किती हे मला ठाऊक नव्हते. ते इंचाचा आठवा भाग, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर, हे मला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळच्या एका कारखान्यात मिस्त्रींनी सांगितले. पुढे याच एका सुताने माझ्या पहिल्या मोठ्या कामात मला रडवले. ज्यांना मापाचे, म्हणजे त्या एका घरासाठीच घडवलेले कपाटकाम शिकायचे आहे, त्यांच्यासाठी तो अनुभव सविस्तर सांगते.

काम पाचगणीचे होते. जांभ्याच्या जाड भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि अंगणात सिल्व्हर ओक असलेला जुना बंगला एका निवृत्त दांपत्याने विकत घेतला होता आणि त्यांना तो ‘मॉडर्न कॉटेज’ पद्धतीने सजवून हवा होता. ही शैली मुळात इंग्लंडच्या खेड्यांतली असली तरी आपल्या घाटमाथ्याला ती अगदी परकी नाही. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर असताना महाबळेश्वर वसले आणि त्यानंतर इंग्रजांनी या डोंगरांवर आपल्या सवयीची घरे बांधली. आज या शैलीच्या नावाखाली फुलाफुलांचे पडदे आणि वेताच्या टोपल्या यांची गर्दी केली जाते, ती मला पटत नाही. फिक्या रंगात रंगवलेली साधी चौकटीची दारे, पितळी मुठी, भिंतीला कमरेपर्यंत खाच-जीभ पद्धतीने जोडलेल्या उभ्या फळ्या आणि थोडे उघडे लाकूड एवढ्यावर घर उभे राहते, आणि त्यातला मोठा वाटा कपाटांचा असतो.

त्या कपाटांचे दार बहुधा ‘शेकर’ पद्धतीचे असते. शेकर हा एक ख्रिस्ती पंथ असून त्याचे काही अनुयायी ॲन ली यांच्या नेतृत्वाखाली १७७४ मध्ये इंग्लंडमधून अमेरिकेत गेले, आणि तिथे त्यांनी बिननक्षीचे, नेटके फर्निचर घडवले. दाराचे तुकडे पाचच: दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या आणि मध्ये एक फळा. हे दार कपाटाच्या चौकटीवर न बसवता चौकटीच्या आत, पातळीत बसवले की त्याला इनसेट म्हणतात. इनसेट दार फार देखणे दिसते, पण त्यात झाकायला जागा नसते. चारही बाजूंची फट उघडी दिसते आणि ती सारखी नसेल तर स्वयंपाकघरात शिरताक्षणीच नजरेला टोचते.

परदेशी स्वयंपाकघरांची छायाचित्रे पाहून मी नकाशात दीड मिलिमीटरची फट लिहिली. मिस्त्रींनी विचारले, “ताई, वर पाऊस किती असतो ठाऊक आहे ना? निदान एक सूत तरी सोडू.” मी नाही म्हटले. त्यांनी मधला सागवानी फळा खाचेत सुटा ठेवायचे सुचवले, तेव्हा तो खडखडेल या भीतीने मी गोंद लावायला सांगितला. एप्रिलमध्ये दारे बनली, मेमध्ये बसली, सर्वांनी कौतुक केले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या घरच्या काकूंचा फोन आला: “अगं, डाळीचं कपाट उघडतच नाही, आणि सिंकखालचं उघडलं ते आता लागत नाही.”

कारण साधे आहे, पण ते मला कोणत्याही परीक्षेत विचारले गेले नव्हते. लाकूड हवेतली ओल शोषून फुगते. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही, पण लाकडातल्या रेषांच्या आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीत, वाढते. अकरा इंचांचा भरीव फळा उन्हाळा आणि घाटावरचा पावसाळा यांच्या दरम्यान काही मिलिमीटर सहज फिरतो. तो खाचेत सुटा असता तर आतल्या आत सरकला असता. चिकटवल्यामुळे त्याने चौकटच बाहेर ढकलली. शिवाय दाराच्या वरच्या आणि खालच्या कडा कोणाला दिसत नाहीत म्हणून त्या रंगवल्याच नव्हत्या, आणि ओल तिथूनच आत शिरली. भर पावसात रंधा मारणे हा उपाय नव्हता, कारण हिवाळ्यात तीच फट बोटभर दिसली असती. नोव्हेंबरमध्ये सगळी दारे माझ्या खर्चाने पुन्हा बनवली. आता पट्ट्या सागवानी, मधला फळा प्लायवर व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेला, रंग सहाही बाजूंना, तोही कारखान्यातच, आणि फट पूर्ण एक सूत असते. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मी तेव्हापासून जवळ बाळगते आणि १२ टक्क्यांच्या वर आकडा दाखवणारे लाकूड घेत नाही.

बाकीच्या गोष्टी त्या मानाने लवकर शिकता येतात. ओल्या जागी आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचे भारतीय मानक) चिन्हाचाच प्लाय घ्यावा. बिजागरीचा क्रँक, म्हणजे तिच्या हाताचा बाक, दुकानात जाण्यापूर्वी ठरवावा: दार चौकटीवर पूर्ण बसणार असेल तर झिरो, अर्धे बसणार असेल तर आठ आणि इनसेटला सोळा (काही कंपन्या त्याला पंधरा म्हणतात). चुकीचा क्रँक आणला तर पूर्ण दिवस वाया जातो. पितळी मुठींसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी मला कॅटलॉगपेक्षा बरी वाटते, कारण मूठ हातात धरूनच निवडावी लागते.

माप घेणे हा मात्र वेगळाच अभ्यास आहे. जुनी भिंत ओळंब्यात नसते. त्या बंगल्यात सहा फूट उंचीत ती पाऊण इंच बाहेर झुकली होती. म्हणून रुंदी तळाशी, मध्ये आणि वर अशी तीनदा घ्यावी, कपाट सर्वांत कमी मापाचे करावे आणि उरलेली फट भिंतीच्या वळणाप्रमाणे तासलेल्या पट्टीने भरावी. त्यानंतर घरातल्या वस्तू मोजाव्यात. काकूंच्या चिनी मातीच्या बरण्या, १८ इंची परात, पुरणयंत्र, उभे ठेवायचे पोळपाट हे सारे मी दुसऱ्या खेपेस जमिनीवर मांडून मोजले आणि मगच खण आखले. कॉटेज शैलीत उघड्या फळ्या शोभतात हे खरे, पण रोज फोडणी होणाऱ्या घरात त्यांवर तेलाचा थर बसतो. म्हणून उघडी फळी शेगडीपासून दूर आणि दोनच फूट लांबीची ठेवली आणि इतरत्र रेघांची काच लावली. ओट्याची उंची काकूंच्या कोपरापासून पाच इंच खाली धरली. ती ३२ इंच आली, तर त्यांच्या यजमानांनी स्वतःच्या चहासाठी तीन इंच उंच असा वेगळा कोपरा मागून घेतला.

शिकायचे कुठे, असे मला नेहमी विचारले जाते. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातला अंतर्गत सजावटीचा अभ्यासक्रम किंवा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतला फर्निचरचा अभ्यासक्रम मिळाला तर उत्तमच. तो न मिळाल्यास आयटीआयमधला सुतारकामाचा अभ्यासक्रम कमीपणाचा मानू नये. कोणत्याही मार्गाने आलात तरी निदान सहा महिने एखाद्या कारखान्यात बसा, एक दार स्वतः जोडा, आणि पहिल्या ग्राहकाला नकाशा देताना दाराचा आडवा छेद खऱ्या मापात काढून त्यावर मिस्त्रींची सही घ्या. पाचगणीच्या दुसऱ्या खेपेचा तो कागद माझ्याकडे आहे. त्यावर मिस्त्रींनी फटीच्या जागी पेन्सिलीने ‘१ सूत’ लिहून दोनदा अधोरेखित केले आहे.