कॅटलॉग कॉम्प्युटरवर घेताय? आधी फॉन्ट बघा

बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी झाल्या झाल्या तालुक्याच्या वाचनालयात लागलात आणि पहिल्याच आठवड्यात अध्यक्ष म्हणाले "मॅडम, सगळं ऑनलाइन करून टाका", तर हे तुमच्यासाठी. कोहा, ई-ग्रंथालय ही वाचनालयाची सॉफ्टवेअरं आणि ड्यूईचं पुस्तक-वर्गीकरण हे तुम्हाला माहितीच आहे, ते सांगत बसत नाही.

आमचं वाचनालय शासनाच्या प्रतवारीत ब वर्ग, पुस्तकं साडेअकरा हजारांच्या आसपास. मी रुजू झाले तेव्हा कळलं की नोंदी आधीच एक्सेलमध्ये टाइप करून घेतल्यात, एका एजन्सीकडून, नोंदीमागे पैसे मोजून. मी खूश! म्हटलं निम्मं काम झालंच, आता फक्त कोहात इम्पोर्ट करायचं. केलं. आणि पुस्तकांच्या नावाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. मला वाटलं कोहाचंच काहीतरी बिनसलंय, रात्री साडेनऊपर्यंत सेटिंगा उलटसुलट करत बसले, शिपाईमामा कुलूप हातात घेऊन दारात उभे.

कोहाचा काही दोष नव्हता. फाइल कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होती. आता हे नीट वाचा, कारण माझे आठ महिने यात गेलेत. कृतिदेवमध्ये स्क्रीनवर 'पुस्तक' दिसतं, पण फाइलच्या आत ते मराठी नसतंच. आत असतं आय, क्यू, कॅपिटल एल, आर, डी. फॉन्ट फक्त त्या अक्षरांच्या जागी प, उकार, अर्धा स, त आणि क काढून दाखवतो. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर असतो, म्हणून ते कुठेही न्या, मराठीच राहतं. जुन्या श्रीलिपी फॉन्टातल्या फायलींचीही हीच कथा. ओळखायचं कसं, तर एक सेल निवडून फॉन्ट एरियल करा. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड, इंग्रजी झालं तर डोक्याला हात लावा. दहा सेकंदांचं काम आहे आणि मी ते केलं नव्हतं.

मग सगळे सांगतात तेच मीही केलं, कृतिदेवचं युनिकोड करून देणारा कन्व्हर्टर वापरला. फुकट मिळतात, आणि बघताना सगळं छान झाल्यासारखं वाटतं, खरा खड्डा तिथेच आहे. आमच्या फायलीत 'ऱ्य'चा सगळीकडे 'र्य' झाला. म्हणजे डोंगरदऱ्यांतल्या 'दऱ्या'चा समुद्रवाला 'दर्या'! बरं, काही नोंदी मी हाताने दुरुस्त केल्या, तरी सर्चला येईनात. का, तर युनिकोडमध्ये हा 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक नुक्तावाला ऱ घेऊन आणि दुसरा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक घेऊन. डोळ्याला दोन्ही सेम, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. एकच पद्धत ठरवा आणि कीबोर्डशेजारी चिकटवून ठेवा, टाइप करणारे दोघं असतील तर दोघांच्याही.

लेखकांच्या नावांचंही तसंच. कुसुमाग्रज एकीकडे, वि. वा. शिरवाडकर दुसरीकडे, आणि 'शिरवाडकर वि.वा.' मधली स्पेस खाऊन तिसरीकडे. वाचक एक नाव टाकतो, त्याला तिसरा हिस्साच दिसतो आणि तो म्हणतो तुमच्याकडे काही नाहीच. एक नाव पक्कं करून बाकीच्या नावांपुढे 'अमुक नाव पहा' अशी नोंद द्या, कार्डांच्या काळात द्यायचे तसंच.

माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. वेबिनारमधले सर सांगतात "डेटा क्लीन असेल तर मायग्रेशन (जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेणं) दोन दिवसांचं काम". असेल तर ना! मला खरं शिकवलं आमच्या देवघेवीवरच्या काकांनी, ज्यांना माऊस धरायचा कंटाळा येतो. ते दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहितात ती वही, मांडीवर घेऊन नंबर वाचायचे, मी स्क्रीनवर तपासायचे, रोज दुपारी दोन ते चार, साठ-सत्तर नोंदी. नोंदवहीत एकाच दाखल क्रमांकावर दोन पुस्तकं निघाली, तेही त्यांना आठवत होतं, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या हातून झालं ते. अशी माणसं रिटायर व्हायच्या आत कामाला लागा. आणि नोंदवही बंद करू नका हं, तपासणीला आधी तीच मागतात.

स्कॅनिंगचं थोडक्यात. जुन्या पुस्तकाला झाकणवाल्या स्कॅनरवर दाबू नका, पाठ तडकते, मी एक तडकवलंय. ३०० डीपीआयला ए-फोर रंगीत पान टिफ प्रकारच्या फाइलमध्ये साधारण २५ एमबी होतं, म्हणजे दोनशे पानांचं पुस्तक ५ जीबी, हार्डडिस्कचा खर्च आधीच कमिटीपुढे ठेवा. आणि लेखक वारल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे "पीडीएफ करून ग्रुपवर टाका ना मॅडम" म्हणणाऱ्या सभासदाला, तो कार्यकारिणीवर असला तरी, नाही म्हणायचं. मला जड गेलं.

घाबरू मात्र नका. नोकरी जात नाही, उलट आता व्हॉट्सअ‍ॅपवर "हे आहे का" विचारणारे वाढलेत, आणि अभ्यासिकेतली पोरं वायफायसाठी का होईना येतात. पहिलं वर्ष वाईट जातं एवढंच. माझ्या अजून साडेतीनशे नोंदी 'तपासा' म्हणून पडल्यात, बहुतेक कवितासंग्रह. काका गणपतीनंतर बसू म्हणालेत.