स्नॉर्केलिंगची बोट बुक करताय? फोटो बघून ठरवू नका, या चुका टाळा

स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी घेऊन तरंगत पाण्याखालचं बघायला, दिवसभराची बोटीची सहल ठरली की सगळे मोबाइलभोवती गोळा होतात. निळं पाणी, प्रवाळ, माशांचे थवे, सगळे फोटो बघून होतात. शिडीचा फोटो कुणीच मागत नाही. मी अशा सहलींना वेगवेगळ्या वयाच्या आणि प्रकृतीच्या माणसांना घेऊन जातो. मासे कमी दिसले म्हणून कुणाचा दिवस वाया गेल्याचं मला आठवत नाही. दिवस वाया जातो तो धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकता न आल्यामुळे, पाण्यातून परत वर येता न आल्यामुळे, नाहीतर तोंडात नळी घेतल्या घेतल्या श्वास कोंडल्यामुळे. पैसे भरण्याआधी दोन फोन केले असते तर हे सगळं आधीच कळलं असतं.

वय बघून माणसं निवडणं

‘आईला नको, तिचं वय झालं. पोरांना न्या, त्यांना काही होत नाही.’ हा हिशेबच चुकीचा आहे. रोज पोहणारी सत्तरीची बाई शांत पाण्यात मजेत तरंगते. दिवसभर खुर्चीत बसणारा, रक्तदाबाची गोळी अधूनमधून विसरणारा चाळिशीतला माणूस मात्र दहा मिनिटांत धापा टाकायला लागतो. प्रत्येकाबद्दल तीनच गोष्टी विचारा. हातांच्या जोरावर स्वतःचं वजन उचलता येतं का? चेहरा पाण्यात बुडाला तर घाबरायला होतं का? दोन जिने न थांबता चढता येतात का? जन्मतारखेपेक्षा ही उत्तरं जास्त कामाची आहेत.

वर कसं यायचं, हे न विचारणं

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून इथे जरा थांबतो.

एका सहलीत एक काका होते. दोन्ही गुडघे बदललेले, पण पोहण्यात तरबेज. ‘बाबा पोहतात, त्यांची काळजी नाही,’ एवढंच मुलाने सांगितलं होतं. पाण्यात तर ते सगळ्यांत जास्त रमले. परत बोटीपाशी आले तेव्हा कळलं की शिडी दोरीची आहे आणि तिची शेवटची पायरी जेमतेम पाण्याला टेकते. त्या पायरीवर पाय ठेवायचा तर गुडघा छातीपर्यंत दुमडावा लागतो, आणि बदललेला गुडघा तेवढा दुमडत नाही. शिवाय दोरीच्या शिडीवर भार पडला की ती बोटीच्या पोटाखाली सरकते आणि माणूस पाठीवर उताणा लोंबकळतो. लाटेने बोट वरखाली होत होती. काकांच्या हातातला जोर संपत आला, तेव्हा दोघांनी त्यांना जॅकेटच्या पट्ट्यांना धरून वर ओढलं. बोटीच्या कडेला त्यांची छाती खरचटली आणि खांदा दुखावला. पोहायला उत्तम येणाऱ्या माणसाची ही अवस्था झाली, ती फक्त शिडीमुळे.

पाण्यात उतरणं कुणालाही जमतं, तिथे वजन आपलं काम करतं. बाहेर येताना तेच वजन आपल्याला उचलावं लागतं, तेही दमलेल्या हातांनी आणि हलत्या बोटीवर. म्हणून बुकिंगच्या आधी शिडीचा फोटो मागवा, आणि तो बोट पाण्यात असतानाचा हवा. शिडी धातूची, घट्ट बसवलेली असावी. निदान तीन पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या असाव्यात. पायऱ्या गोल नळीच्या नकोत, सपाट हव्यात, नाहीतर अनवाणी तळपाय दुखतात. आणि वर पोचल्यावर धरायला कठडा हवा, कारण शेवटच्या पायरीवरून डेकवर येताना हाताला काहीच सापडत नाही आणि माणूस तिथेच पडतो.

माझी एक सवय आहे आणि ती मी कुणासाठी मोडत नाही. बोट नांगरली की प्रत्येकाने पाण्यात उतरायचं आणि लगेच एकदा शिडीने वर चढून दाखवायचं. मगच पोहायला जायचं. उतावळ्या मंडळींना हा वेळेचा अपव्यय वाटतो, ती कुरकुर करतात. करू द्या. ज्याला ताज्या दमातही वर येता येत नाही, त्याला तासाभराने दमल्यावर तर येणारच नाही. अशा माणसासाठी बोटीच्या मागचा पाण्यालगतचा फळा चांगला. तिथे बसून पाय पाण्यात सोडता येतात, आधार धरून चेहरा बुडवता येतो. नाहीतर किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येईल अशी दुसरी जागाच निवडावी.

भरती-ओहोटी विसरणं

व्हीलचेअर, कुबड्या किंवा काठी वापरणाऱ्यांच्या बाबतीत ही चूक हमखास होते. सकाळी निघताना भरती असते, बोटीची कड आणि धक्का एका पातळीला असतात, फळी टाकली की खुर्ची थेट आत. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास जातात. दुपारी परत याल तेव्हा तीच बोट धक्क्याच्या खाली, काही किनाऱ्यांवर तर दोन-तीन मीटर खाली असते, आणि समोर उभी असते भिंत. सकाळी ‘सोय आहे’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याने फक्त सकाळपुरतं उत्तर दिलेलं असतं. म्हणून निघण्याची आणि परतण्याची, दोन्ही वेळांची पातळी विचारा. धक्का तरंगता असेल तर तो बोटीबरोबरच वरखाली होतो, पण मग ओहोटीला त्याच्याकडे जाणारा उतार चढा होतो. तो किती चढा, तेही विचारा.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘आमची चार पोरं आहेत, उचलून ठेवतील.’ मला हे अजिबात मान्य नाही. हलत्या बोटीवर माणसाला खांद्या-पायाला धरून उचलणं ही सोय नाही, तो दोघांच्याही हाडांशी खेळ आहे. त्यात ज्याला उचलायचं त्याला कुणी विचारतही नाही. खुर्चीतून गाडीत किंवा पलंगावर कसं सरकायचं हे त्या माणसाला वर्षानुवर्षं माहीत असतं. त्याला विचारा आणि तो सांगेल तसंच करा. बॅटरीवरची खुर्ची फार जड असते, म्हणून बोटीसाठी घडीची हलकी खुर्ची घ्यावी. आणि वाळूतून चढायची बोट असेल तर लहान चाकं रुततात, हे लक्षात ठेवा.

स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आहे आणि उंबरा किती उंच आहे, हे विचारायला लोक लाजतात. आत जाता येणार नाही म्हणून पहाटेपासून पाणी न पिता उन्हात बसलेली माणसं मी पाहिली आहेत. लाजू नका, विचारा.

मणक्याला इजा झालेल्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. संवेदना नसलेल्या भागावर तापलेला डेक आणि खरखरीत कड जखमा करून जाते आणि ते कळतही नाही, म्हणून जाड उशी आणि पाय झाकणारे कपडे हवेत. इजा मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर शरीराला तापमान नीट सांभाळता येत नाही. म्हणून वेटसूट (अंगाची ऊब टिकवणारा रबरी पोशाख) घालावा आणि पाण्यातला वेळ कमी ठेवावा. पण ‘चालता येत नाही, मग पाण्यात कशाला’ असं कृपा करून म्हणू नका. जमिनीवर खुर्ची लागणारी कितीतरी माणसं पाण्यात आपल्यापेक्षा मोकळी असतात.

आयुष्यातला पहिला मास्क, तोही खोल पाण्यात

माझा दुसरा राग यावर. लोक हॉटेलातून निघतात, बोटीत बसतात, आणि मास्क पहिल्यांदा हातात घेतात तो पायाखाली दहा मीटर पाणी असताना. नळी तोंडात, नाक बंद, पाय टेकत नाहीत. घाबरून श्वास जलद आणि उथळ होतो. इथेच घात होतो. आपण सोडलेली थोडी हवा नळीतच राहते आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत येते. सावकाश, लांब श्वास सोडला तर फरक पडत नाही. भराभर छोटे श्वास घेतले तर तीच वापरलेली हवा आत-बाहेर होत राहते आणि जीव आणखी घाबरा होतो.

त्यात शरीर पाण्यात गेलं की हातापायांतलं बरंच रक्त, साधारण ७०० मिलिलिटर, छातीकडे ढकललं जातं आणि हृदयावर जास्तीचा भार पडतो. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर स्नॉर्केलिंगमधल्या मृत्यूंचा अभ्यास झाला, त्याचा अहवाल २०२१ मध्ये आला. नाकातोंडात पाणी न जाताही फुप्फुसांत झपाट्याने पाणी साठतं आणि माणूस गुपचूप गळून जातो, असं अनेक वेळा घडत असावं, असं त्यात मांडलं आहे. नळीतून श्वास ओढायला लागणारा जास्तीचा जोर, हृदयाचे आजार आणि पाण्यातली धावपळ यांनी हा धोका वाढतो. म्हणून धाप लागली किंवा हातपाय अचानक गळाले तर ‘जरा पुढे जाऊन बघू’ नको. थांबा, नळी तोंडातून काढा, पाठीवर वळा, मदत मागा.

यावर उपाय आदल्या दिवशीचा आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फक्त चेहरा बुडवा आणि श्वास सोडताना सावकाश मोजा. नळीत मुद्दाम पाणी घ्या आणि जोरात फुंकून बाहेर काढा. कंटाळा येईपर्यंत हेच करा. मास्क बसतो की नाही ते बघायला पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकी हवा ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीमुळे पाणी आत येत असेल तर सिलिकॉनचं ग्रीस लावा. पेट्रोलियम जेलीने मास्कचं रबर खराब होतं.

पूर्ण चेहरा झाकणारा मास्क नवख्यांना सोपा वाटतो, कारण नाकाने श्वास घेता येतो. मी तो माझ्या माणसांना घालू देत नाही. आत पाणी आलं किंवा घाबरायला झालं की साधी नळी थुंकून टाकता येते, हा मास्क मात्र पट्ट्यांसकट उपसून काढावा लागतो.

पोहता न येणाऱ्यांनी सहलीला यावं, जरूर यावं. पण तोंडाने फुगवायची पातळ स्नॉर्केल जाकीट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. खरं जॅकेट घाला, बकला लावा. लहान मुलाचं जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, दुसरं मागा.

फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहिणं

बोटीवरचा आरोग्याचा कागद लोक न वाचता भरतात, कारण खरं लिहिलं तर पाण्यात उतरू देणार नाहीत अशी भीती असते. चांगल्या ठिकाणी उलट असतं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा फिट्सचा आजार सांगणाऱ्यांना घरी पाठवत नाहीत. त्यांना तरंगण्याचं साधन देतात आणि लांबून ओळखू येईल अशी खूण देतात, म्हणजे लक्ष ठेवणाऱ्याची नजर त्यांच्यावर राहते. आजार लपवलात तर ती नजर गमावता. दम्याचा पंप बोटीवर, हाताशी हवा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी पाण्यात जाण्याआधी साखर तपासावी आणि काहीतरी गोड सोबत ठेवावं. फिट येत असतील किंवा अलीकडे हृदयाचं काही झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

वेगवान बोटीत पुढची जागा पकडणं

वाऱ्याच्या मोहाने सगळे पुढे धावतात. बोट लाटेवरून आपटते तेव्हा सर्वांत मोठा दणका पुढेच बसतो, आणि त्याने मणके दबून मोडतात. ठिसूळ हाडं असतील किंवा पाठ दुखत असेल तर मागे बसा. गरोदर बाईंसाठी तर ही बोटच नको, संथ आणि मोठी बोट निवडा.

आता पटापट:

बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या. पोटात ढवळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही.

चष्म्यावर मास्क बसत नाही आणि कॉन्टॅक्ट लेन्सखाली अडकलेलं पाणी डोळ्याला घातक ठरू शकतं. नंबरचा मास्क मिळतो, तो आधी मागून ठेवा.

कानाचं यंत्र काढून पाण्यात जाणाऱ्याला हाका ऐकू येत नाहीत. खुणा बोटीवरच ठरवा.

पाण्यातून हात हलवून टाटा करू नका. हात हलवणं म्हणजे मदतीची हाक. सगळं ठीक असेल तर हात डोक्यावर ठेवायचा.

पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढतं. मुलाचे ओठ निळसर दिसले की ते कितीही रडलं तरी बाहेर काढा.

सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्झेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, ती प्रवाळ वाचवण्यासाठीच.

बोट हलण्याआधी आपली माणसं आपणही मोजा. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या पट्ट्यात एक बोट स्कूबा डायव्हिंग करणाऱ्या दोघांना समुद्रातच विसरून परतली होती, आणि ते पुन्हा कधी सापडले नाहीत.

राहिली गोष्ट ऐनवेळची. फोनवर सांगितलेली बोट येत नाही, धक्क्यावर दुसरीच उभी असते. तेव्हा सामान चढवण्याआधी शिडी, जॅकेटं, सावली आणि स्वच्छतागृह पुन्हा बघा. त्यातलं काही आपल्या माणसाला झेपणारं नसेल तर तिथेच, जमिनीवर असतानाच बोला: दुसरी बोट द्या, दुसरा दिवस द्या, नाहीतर पैसे परत करा. हे शब्द बुकिंगच्या वेळीच लेखी घेऊन ठेवले असतील तर धक्क्यावर वाद घालावा लागत नाही.