पन्हाळ्याच्या उतारावर नखं काळी पडायची, ती थांबली

पन्हाळा करून रंकाळ्यावर परतलो की माझ्या आणि ह्यांच्या, दोघांच्याही पायांच्या अंगठ्यांची नखं काळीनिळी. एक नंबर मोठा बूट, जाड मोजे, टेप, सगळं करून वैतागलो. पण चढाला कधी दुखायचं नाही, उतारालाच. म्हणजे पाय बुटात पुढे घसरत होता.

बूट घालून टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची. बोटांकडची लेस सैलच. घोट्याजवळ शेवटचं रिकामं भोक असतं ना, त्यात त्याच बाजूची लेस घालून छोटा फास ठेवायचा, दुसरीकडेही तसंच. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून काढून खाली ओढायचं आणि गाठ. नखं दोन दिवस आधी सरळ कापायची. (ह्यांना मलाच आठवण करून द्यावी लागते.)

रविवारी वाघबीळपर्यंत उतरलो, अंगठे गप्प.