क्लॉक टॉवर रिवाइंड खेळताय? सेव्ह करण्याआधी जेनिफरचा फोटो बघा

1995 चा सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेम कन्सोलवरचा क्लॉक टॉवर हा भीतीदायक गेम 2024 मध्ये रिवाइंड नावाने परत आलाय आणि आता त्यात कुठेही सेव्ह करता येतं, म्हणून मी आपला दिसेल तिथे सेव्ह करत सुटलो. मग एकदा लोड केलं तर मागे मोठी कात्री घेऊन मारायला धावणारा कात्रीवाला, आपण जिला खेळवतो ती जेनिफर दमलेली, आणि कितीही वेळा लोड करा, तेच मरण.

आता असं करतो:

1. सेव्हच्या आधी कोपऱ्यातल्या तिच्या फोटोमागचा रंग बघायचा. निळा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गडबड.
2. लाल असेल आणि मागे कोणी नसेल तर तिला निवांत बसू द्यायचं, कंटाळा येतो पण चालतं.
3. रंग उतरला की मगच सेव्ह, ते पण नवीन दार उघडायच्या आधी.

पाठलाग चालू असताना सेव्ह बिलकुल नको, तिथे खेळ थोडा मागे न्यायला रिवाइंडची सोय आहेच की.

आणि हो, नवीन गेम सुरू केला की काही खोल्यांच्या आणि वस्तूंच्या जागा बदलतात, त्यामुळे वहीतला जुना नकाशा बघून बिनधास्त पळू नका, मी थेट चुकीच्या खोलीत घुसलो होतो.