आगरात गांडुळं परत आली

गुहागरकडे आमचं नारळ-सुपारीचं आगर आहे. तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या उघडिपीत एक फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा काढला, माती गोणपाटावर पसरून चाळली. गांडुळं निघाली फक्त दोन. काकी म्हणाली, "पूर्वी आळं उकरलं की ओंजळभर निघायची रे!" ते ऐकून जीव कळवळला.

माती तपासून घेतली. सामू (pH, ७ पेक्षा जितका कमी तितकी माती आम्ल) ४.८. आपली जांभ्याची माती मुळातच आम्ल, त्यात धो धो पाऊस चुना धुऊन नेतो. इतकी आम्ल माती बहुतेक गांडुळांना सोसत नाही. दुसरी चूक माझीच होती: पडलेल्या झावळ्या आणि पालापाचोळा मी दरवर्षी जाळत होतो. म्हणजे त्यांचं अन्नच जात होतं, आणि उघडी पडलेली माती एप्रिलात विटेसारखी तापायची. गांडूळ कातडीतून श्वास घेतं, कातडी सुकली की मेलंच.

जाळणं बंद केलं. चैत्रात चुना विस्कटला, शेणखत मात्र महिनाभराने घातलं. दोन्ही एकदम घातलं तर शेणखतातलं नत्र उडून जातं. आळ्यांवर वीतभर पाचोळा ठेवला, खणणं कमी केलं. पाणी तुंबायचं तिथे चर काढला, कारण साचलेल्या पाण्यात त्यांना हवा मिळत नाही.

यंदाच्या श्रावणात त्याच जागी तेरा निघाली. ओल्या पाचोळ्याखाली त्यांच्या विष्ठेच्या बारीक काळ्या गोळ्या दिसतात, बोटांत धरल्या की चहाच्या चोथ्यासारख्या भुसभुशीत. उताराकडच्या कोपऱ्यात अजून चारच आहेत. तिथे पाचोळा पावसात वाहून जातो, म्हणून आता बांध घालतोय.