पेठेच्या संघाचा इतिहास लिहायचाय? आधी मारियामपोलेच्या सूदुवावर हात बसवा

आपल्या संघाचा इतिहास कुणीतरी नीट लिहून काढला पाहिजे, असं कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या दर हंगामात कुणी ना कुणी म्हणतंच. लिहायला बसलं की मात्र हात अडतो. पाटाकडील तालमीच्या माणसाला समोरच्या शिवाजी तरुण मंडळाचा विजय कागदावर उतरवणं जड जातं, आणि उलटंही तसंच. म्हणून मी तालमीतल्या पोरांना सांगतो, आधी असा संघ घ्या ज्याच्याशी आपलं ना सख्य ना वैर. त्याची वही पुरी करा, मग आपल्या गल्लीत या.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो आणि रात्री जेवणं झाली की वही उघडतो. माझा परका संघ आहे लिथुआनियातल्या मारियामपोले गावचा सूदुवा. या देशाकडे लक्ष गेलं ते तिथल्या नेरियुस वाल्स्किस या फुटबॉलपटूमुळं. चेन्नईयिनकडून २०१९-२० च्या इंडियन सुपर लीगमध्ये १५ गोल मारून गोल्डन बूट त्यानंच नेला होता. आणि मारियामपोलेची वस्ती चाळीस हजारांच्या आत, म्हणजे एका माणसाला झेपेल एवढा विषय.

सुरुवात संघापासून करू नका, गावापासून करा. सूदुवाची स्थापना १९६८ ची. पण त्या काळातल्या कागदांत मारियामपोले शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण १९५५ ते १९८९ या गावाचं नाव काप्सुकास होतं. एका कम्युनिस्ट पुढाऱ्यावरून ठेवलेलं. म्हणजे संघ जन्मला काप्सुकासमध्ये आणि चॅम्पियन झाला मारियामपोलेत, गाव न बदलता. वहीच्या पहिल्या पानावर गावाची सगळी नावं आणि ती कधीपासून कधीपर्यंत होती ते लिहा. शोधताना अक्षरंही तिथल्यासारखीच टाका. सूदुवातल्या ‘यू’वर आडवी रेघ आहे, मारियामपोलेच्या शेवटच्या ‘ई’वर टिंब. साध्या इंग्रजी अक्षरांनी शोधलं तर जुन्या बातम्या निसटतात. झाल्गिरिस या नावापाशी विशेष जपा. कौनासचा प्रसिद्ध झाल्गिरिस बास्केटबॉलचा आणि व्हिल्नियसचा फुटबॉलचा. तिथं बास्केटबॉलचं वेड एवढं आहे, की नुसतं झाल्गिरिस शोधलं तर आधी बास्केटबॉलच समोर येतं.

मग वहीत एक जाड रेघ मारा, १९९० ची. त्या वर्षी ११ मार्चला लिथुआनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. रेघेच्या अलीकडे सोव्हिएत व्यवस्था. तिच्या वरच्या लीगमध्ये लिथुआनियाकडून झाल्गिरिस खेळायचा (१९८७ मध्ये तो तिसरा आला), आणि लहान गावांचे संघ प्रजासत्ताकाच्या अंतर्गत स्पर्धेत. रेघेपलीकडे देशाची स्वतःची लीग. अलीकडचं आणि पलीकडचं विजेतेपद एकाच यादीत बेरीज करून लिहू नका, दोन्हींचं वजन वेगळं आहे.

हंगामाचा रकाना आखतानाही विचार करा. नव्वदच्या दशकात तिथली लीग शरद ते वसंत अशी चालायची, म्हणून तेव्हाचा हंगाम १९९२-९३ असा जोडवर्षात दिसतो. पुढं बर्फाचे महिने सोडून वसंत ते शरद असा हंगाम झाला आणि वर्ष एकच राहिलं. त्यांना बर्फ थांबवतो, आपल्याला पाऊस.

आता सगळ्यात महत्त्वाचा रकाना, जो बहुतेक जण आखतच नाहीत: खर्च कोण करतं? यासाठी सूदुवाशेजारी पानेवेझिसचा एक्रानास ठेवून बघा. एक्रानास म्हणजे टीव्हीच्या पिक्चर ट्यूब बनवणारा कारखाना, आणि संघाचं नाव त्याच्यावरूनच. पुढं चपटे टीव्ही आले, ट्यूबचा धंदा बसला, कारखाना दिवाळखोरीत गेला. संघ मात्र त्यानंतरही २००८ ते २०१२ सलग पाच वेळा देशाचा चॅम्पियन झाला. आणि २०१५ च्या लीगमध्ये तो नव्हताच! नुसते चषक मोजणाऱ्याला २०१२ नंतर काय झालं ते कधीच कळणार नाही. उद्यमनगरात कारखाने बंद पडताना मी बघितलेत, त्यामुळं हे पान लिहिताना मला फार वेळ लागला. तुम्हीही प्रत्येक हंगामासमोर लिहा: जर्सी कुणाची, मैदान कुणाचं, खेळाडूंच्या जेवणाचा, प्रवासाचा खर्च कुणाकडे. सूदुवाच्या बाबतीत २००८ मध्ये उघडलेलं सहा हजारांवर क्षमतेचं स्टेडियम याच रकान्यात बसतं, आणि पुढचं २०१७ चं पहिलं विजेतेपद त्याच्याजवळ ठेवूनच वाचायला हवं. २०१८, २०१९ मध्येही तेच चॅम्पियन झाले.

एक सामना मात्र पुरता उलगडून लिहा. मी घेतला तो २०१८ च्या चॅम्पियन्स लीग पात्रता फेरीतला, सायप्रसच्या अपोएलविरुद्धचा. घरी ३-१ विजय, परतीच्या सामन्यात ०-१ पराभव, बेरीज ३-२, सूदुवा पुढं. दोन्ही स्कोअर एकाच संघाच्या बाजूनं लिहायचे, नाहीतर पुढं वाचणारा गोंधळतो. पुढची पानंही गाळू नका: रेड स्टार बेलग्रेडकडून पराभव, मग त्याखालच्या युरोपा लीगच्या शेवटच्या पात्रता फेरीत स्कॉटलंडच्या नामांकित सेल्टिकशी घरी १-१ आणि ग्लासगोत ०-३. चाळीस हजारांच्या आतलं गाव सेल्टिकला घरच्या मैदानावर बरोबरीत रोखतं, हे लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता.

एवढं जमलं की आपल्याकडे वळा. पहिला प्रश्न स्थापनेचा. तालमीची स्थापना आणि तिच्या फुटबॉल संघाची स्थापना या दोन वेगळ्या तारखा आहेत. आखाडा आधीचा, फुटबॉल नंतरचा. ‘अ’ आणि ‘ब’ संघांचे निकाल वेगळ्या पानांवर घ्या. करवीर नगर वाचन मंदिरात जुन्या वर्तमानपत्रांची चौकशी करा. जुन्या खेळाडूंना ‘सर्वांत भारी सामना कुठला’ असं विचारू नका, तेच ते किस्से येतात. बूट कुठून आणायचा, सामना संपल्यावर कुणाच्या घरी जमायचा, कामावरून सुट्टी कशी मिळायची, असं विचारा. मग नावं आपोआप निघतात. फोटो दाखवले तर मागं पेन्सिलनं नावं लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे, त्यांच्यासमोरच.

वही पुरी झाली की ती आधी समोरच्या पेठेतल्या एखाद्या जुन्या खेळाडूला वाचायला द्या. तो जिथं हरकत घेईल तिथं तारखेचा कागद आहे का बघा. असेल तर ओळ राहू द्या. नसेल तर ती अमुक यांच्या सांगण्यावरून अशी लिहा, आणि त्याचंही म्हणणं त्याच्या नावासकट खाली टाका.